स्पीकरमधून हम (घूंऽऽ असा आवाज) येतोय? आधी वायरी काढून बघ

अरे भावा, लगेच नवीन अँप (अँप्लिफायर) घ्यायला जाऊ नकोस. अँप बंद करून इनपुटच्या सगळ्या वायरी काढ, परत चालू कर नि ऐक की, हम गेला तर अँप चांगलाय, मग तसंच बंद करून एकेक वायर लावत जा, जिच्यानं आवाज सुरू होतो तिथंच भानगड. आमच्या शहापुरातल्या घरी सेटटॉप बॉक्सची केबलवाल्याची जाड वायर काढली की घूंऽऽ एकदम बंद, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी येत होतं, ग्राउंड लूप. त्या वायरीत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो पण अर्थची जोड तोडतो तो) घातला, आता शांत. सगळे प्लग एकाच बोर्डात घे. प्लगची अर्थची पिन मात्र कुणी सांगितलं तरी काढू नकोस, जिवाशी खेळ आहे तो! टर्नटेबल (तबकड्या वाजवायचा रेकॉर्ड प्लेअर) असलं तर त्याची बारीक अर्थ वायर अँपच्या स्क्रूला घट्ट आवळलीय का तेवढं बघ.