अभ्यासिकेत एकामुळे सगळ्यांचं वायफाय का रखडतं?

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत १०० एमबीपीएसची फायबर लाइन, एक राउटर आणि १५-२० मुलं आहेत. मागच्या खोलीतला एकजण डाउनलोडला बसला की पुढच्यांचे व्हिडिओ अडकतात. राउटरमध्ये प्रत्येकाला ५ एमबीपीएसची मर्यादा घातली, तरी तेच. चुकतंय कुठे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मर्यादा तुम्ही वेगाला घातलीत, वायफायवर वाटायचा असतो तो वेळ. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. साधा राउटर डेटाची पाकिटं (छोटे तुकडे) आळीपाळीने सोडतो, कुठल्याला किती वेळ लागेल हे बघत नाही. १५०० बाइटचं पाकीट ५४ एमबीपीएसने ०.२२ मिलिसेकंदात जातं. चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे वेग ६ वर घसरला की त्यालाच २ मिलिसेकंद लागतात. अशा दोघांना एकेक पाकीट दिलं तर दोघांनाही जेमतेम ५.४ मिळतात. वेळ निम्मा-निम्मा वाटला तर जवळच्याला २७, लांबच्याला ३. (नव्या राउटरमध्ये पाकिटं गठ्ठ्याने जातात, आकडे बदलतात, कल तोच.) आणि ६ च्या वेगावर तुमचे ५ एमबीपीएस म्हणजे पाच-षष्ठांश वेळ त्या एकट्याचाच!

आधी दोष कुठला ते बघा. वायफाय बंद करून दोन लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. एकावर मोठं डाउनलोड लावा, दुसऱ्यावर पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो, याची चाचणी). २० चे ३०० मिलिसेकंद झाले तर रांग लाइनवर साचतेय. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएममध्ये, म्हणजे रांग आवरणाऱ्या सोयीत, 'केक' ही पद्धत निवडा, मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के आकडा भरा. हार्डवेअर ऑफलोडिंग (पाकिटं परस्पर चिपमधून पुढे सोडणं) बंद हवं, नाहीतर पाकिटं केकला वळसा घालून जातात. वाटणी यंत्रनिहाय ठेवा. कनेक्शननिहाय ठेवलीत तर टोरंटवाला ४० कनेक्शनं उघडून ४० वाटे नेतो.

केबलवर पिंग ठीक असेल तर दोष हवेतला. राउटरमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' (वेळेची समान वाटणी) चालू करा, पण त्याच्यावर विसंबू नका. राउटर स्वतः सोडतो तेवढ्याच पाकिटांची वाटणी त्याच्या हातात असते. मागच्या मुलाने व्हिडिओ अपलोडला लावला की कधी बोलायचं ते त्याचा फोन ठरवतो.

खरा उपाय म्हणजे मागच्या खोलीत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) लावणं. स्वस्तातला रिपीटर (वायफाय झेलून पुढे पाठवणारा) नको. तो तेच पाकीट त्याच चॅनलवर दुसऱ्यांदा पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. १ ते ११ एमबीपीएसचे जुने, संथ वायफाय-वेग राउटरमध्ये बंद करायचे तर त्यानंतरच करा. आधी केलेत तर कडेचे फोन जोडलेच जाणार नाहीत.