टाळं एकच, हात दोन

मिरजेच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘वैमानिकांनी टाळेबंदी केल्याने उड्डाणे रद्द’ हे वाक्य बरोबर आहे का?

साफ चूक. करोनात लॉकडाऊनला टाळेबंदी म्हटलं आणि तेव्हापासून काहीही बंद पडलं की टाळेबंदी! परवा स्टँडवर एकाच्या तोंडून ‘ताळेबंदी’ही ऐकली. अहो, ताळेबंद हिशेबाचा असतो. कामगार करतात तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही दोहोंच्या व्याख्या वेगळ्या होत्या. ऑक्टोबर २०११मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने वैमानिक, अभियंते, सामान हाताळणारे यांच्याशी वाद चिघळल्यावर सगळी विमानं स्वतःच जमिनीवर उभी केली आणि त्यांना कामावर घ्यायचं नाही असं जाहीर केलं. ही अस्सल टाळेबंदी.

पण मला बोलायचंय हरताळाबद्दल. ‘हर ताला’, म्हणजे प्रत्येक दुकानाला कुलूप, अशी फोड काही पंडित छातीठोकपणे करतात. मग हिंदीत ‘हड़ताल’, गुजरातीत ‘हडताळ’ कसं? तो ‘ड’ काय आभाळातून पडला? मूळ शब्द हट्ट, म्हणजे आपल्या हाट-बाजारातला हाट. हाटाला ताळ, म्हणजे टाळं. म्हणजे हरताळात आणि टाळेबंदीत टाळं एकच, लावणारा हात वेगळा!

आणि ‘नियमांना हरताळ फासला’? त्याचा बंदशी काडीचा संबंध नाही. तो हरताळ म्हणजे हरिताल, गंधक आणि आर्सेनिकचं पिवळंजर्द खनिज. पोथीत अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळ फासायचे, अक्षर पिवळ्याखाली गडप. म्हणून हा हरताळ फासतात आणि बाजारातला पाळतात. वर्तमानपत्रं कधी कधी उलटं छापतात. हरितालातला ‘हरि’ म्हणजे पिवळसर, आणि हरिद्रेतलाही तोच. हरिद्रा म्हणजे आपली हळद! सांगलीच्या पेठेत जिची पोती उतरतात ती हळद आणि नियमांना फासला जाणारा हरताळ ही सख्खी भावंडं. माझं तर मत आहे की ‘फासणे’ हे क्रियापदच पोथीवाल्यांनी या वाक्प्रचारात आणलं. पटत नसेल त्यांनी दुसरं कारण द्यावं.

हां, वैमानिक राहिलेच. आपल्या सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ होईल तेव्हा होईल, तोवर ‘वैमानिकांचा संप’ लिहा. आणि कायद्याने १४ दिवसांची नोटीस विमानसेवेत संपालाही लागते, टाळेबंदीलाही.