एकच गिटार, दोन आवाज

प्रश्न : पिएझो (तारांची थरथर पकडून अकूस्टिक आवाज देणारा) आणि हमबकर (चुंबकी, इलेक्ट्रिक आवाज देणारा) असे दोन्ही पिकअप असलेली गिटार घेतली आहे. ट्यूब अँपवर हमबकर झकास वाजतो, पण अकूस्टिक आवाज बसका आणि पत्र्यासारखा येतो. गिटारमध्ये दोष आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गिटारला दोष देण्याआधी अँपकडे बघा. इलेक्ट्रिक गिटारच्या अँपमधला 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर हात टेकतो. ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाच्या, ते पथ्यावरच पडतं. पण पिक तारेला घासतानाची बारीक झिणझिण, जिच्यात अकूस्टिकचा सगळा जीव असतो, ती तिथेच मरते.

दोन आउटपुट असतील तर हमबकर अँपला द्या आणि पिएझो डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला. पिएझोला प्रीअँप (सिग्नल आधीच सावरून घेणारं सर्किट) नसेल, तर डीआयचा इनपुट इंपीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, निदान 1 मेगाओहम हवा. नाहीतर बास गळतो. मग 1.5 ते 3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कर्कशपणा शोधून तेवढाच थोडा खाली घ्या. सगळी ट्रेबल कापू नका, कृपा करून! दोन्ही आवाज एकत्र केल्यावर खर्ज पातळ झाला, तर डीआयवरचं फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण फिरवून ऐका.

तारांचंही बघा. फॉस्फर ब्राँझच्या गुंडाळीचा हमबकरच्या चुंबकावर परिणाम होत नाही, त्याला फक्त आतली पोलादी तार कळते. म्हणून जाड तारा दबतात आणि वरच्या दोन ओरडतात. अशा गिटारला मी निकेलच्याच तारा लावतो. अकूस्टिकची चमक किंचित कमी होते, पण स्टेजवर सहाही तारा सारख्या बोलतात.