वाचक विचारतात: फाळणी लहान मुलांना सांगायची का?

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे. इतिहासाचं पुस्तक उघडलं की तिला जांभया येतात, पण प्रश्न असे विचारते की माझीच फे फे उडते. परवा म्हणाली, फाळणी कोणी केली? मी कायतरी दोन वाक्यांत गुंडाळलं. एवढं भयानक तिला या वयात सांगायचं का, आणि सांगायचं तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर: ताई, सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर कुठल्यातरी फॉरवर्डमधून तिला कळणारच आहे आणि तिथे जे मिळतं त्यापेक्षा तुमचं अर्धंमुर्धं परवडलं. आता कंटाळ्याचं म्हणाल तर माझ्या मते एकच मोठं कारण आहे, आपण शेवट आधी सांगून टाकतो. १५ ऑगस्टला स्वातंत्र्य मिळालं, संपलं, मग पोरांनी ऐकायचं कशाला? त्या माणसांना उद्या काय होणार ते माहीत नव्हतं, तिथे नेऊन उभं करा तिला.

फाळणीचंच घ्या. सीमा आखायला रॅडक्लिफ नावाचे एक इंग्रज वकील आणले, ते त्याआधी भारतात कधी आलेच नव्हते. ८ जुलै १९४७ ला पोचले, हातात जेमतेम पाच आठवडे. आणि ती रेघ जाहीर कधी झाली, तर १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर! बंगालमधल्या मुर्शिदाबादमध्ये त्या दिवसांत पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि तिथल्याच खुलन्यात भारताचा, मग निकाल आला तो बरोब्बर उलटा. हे सांगून नकाशा पुढे ठेवा, दोन्ही गावं तिलाच शोधू द्या आणि विचारा, तू १६ तारखेला तिथे असतीस तर काय केलं असतंस, थांबली असतीस की सामान बांधलं असतंस? बघा जांभई येते का.

हिंसेचं म्हणाल तर ती झाली हे लपवू नका, वर्णनं मात्र नकोत. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून गेली, लाखो मेली, दोन्ही बाजूंची, एवढं दहा वर्षांच्या पोरीला झेपतं. फक्त सांगताना 'आपले' आणि 'ते' असं करू नका, मुलं ते लगेच उचलतात आणि मग आयुष्यभर सुटत नाही. 'कोणी केली' याला एक नाव देऊन मोकळं व्हायचा मोह होईल. इंग्रज होते, काँग्रेस होती, मुस्लिम लीग होती, घाई होती, भीती होती, सगळंच थोडं थोडं सांगा, तिला गोंधळल्यासारखं झालं तरी चालेल.

आणि फक्त रडवू नका हो. पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगा, १९५१-५२ ची, ती मला स्वतःला फार आवडते. मतदार सतरा कोटींच्या वर, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. शिक्का वगैरे काही नाही, कागद नुसता आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. पण यादी करायला गेले तर कितीतरी बायका स्वतःचं नावच सांगेनात, अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. असं चालणार नाही म्हणून सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. बरोबर केलं का चूक? मुलीला विचारा. माझ्या घरी यावरून जेवताना भांडण झालंय.

प्रश्न: सनावळ्या पाठ करून घ्याव्यात का?

उत्तर: चार-पाच घ्या, १८५७, १९४७, १९५० असे, म्हणजे कशानंतर काय झालं ते डोक्यात राहतं. बाकीच्या तारखांना 'हीच का?' असं विचारायला लावा. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, मग लागू करायला दोन महिने कशाला थांबले? तर २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, तो दिवस कुणाला वाया जाऊ द्यायचा नव्हता. पुढच्या झेंडावंदनाच्या आधी हे सांगा, पोरगी शाळेत जाऊन बाईंनाच विचारेल.