कलमं नंतर, आधी फैजपूर

भो, अभ्यासिकेत आल्या आल्या राज्यघटनेच्या कलमांची घोकंपट्टी नको. आधी आपलं जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर बघ. १९३६ च्या तिथल्या काँग्रेस अधिवेशनात इंग्रजांचा १९३५ चा भारत सरकार कायदा धुडकावून संविधान सभेची मागणी झाली. आणि गंमत बघ, स्वातंत्र्यानंतर २६ जानेवारी १९५० पर्यंत देशाचा गाडा थोड्या फेरफारांनिशी त्याच कायद्यावर चालला! पेपर काढणारे इथंच गाठतात. संविधान सभेकडे तेव्हा दोन कामं होती: घटना करताना अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, कायदे करताना मावळंकर. हे डोक्यात बसलं की मसुदा समिती, घटना स्वीकारल्याची २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख वगैरे आपोआप जुळतं. पुढे १९५२ मध्ये निवडून आलेली संसद येईस्तोवर हीच सभा हंगामी संसद होती, तेही वहीत टिपून ठेव.