वाचकांचे प्रश्न : तेलगळती आणि माशांची अंडी

प्रश्न : समुद्रात तेल सांडले की तेलाने माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. काही आठवड्यांनी तवंग दिसेनासा होतो आणि पाणी स्वच्छ झाल्याचे सांगितले जाते. मोठे मासे तर तेलापासून दूर पोहून जाऊ शकतात. मग मासळीचे नुकसान पुढे कित्येक वर्षे चालू राहते, असे का म्हणतात?

उत्तर : मोठा मासा दूर जाऊ शकतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे, अंड्याला मात्र ती सोय नसते. बहुतेक सागरी मासे अंडी पाण्यात मोकळी सोडतात. ही अंडी साधारण एक मिलिमीटर व्यासाची आणि पारदर्शक असून पुष्कळदा वरच्या थरात, म्हणजे तेल पसरते तेथेच, तरंगत राहतात. हेरिंगची चिकट अंडी किनाऱ्याजवळच्या पाणवनस्पतींना चिकटलेली असतात, तर पिंक साल्मन ओढ्यांच्या मुखाशी खडीत अंडी घालतो. या दोन्ही जागी तेल येऊन साचते.

तेल म्हटले की काळा, चिकट थर डोळ्यांपुढे येतो. भ्रूणाचा घात करतो तो मुख्यतः त्यातून पाण्यात उतरणारा, डोळ्यांना न दिसणारा अंश. कच्च्या तेलात हजारो संयुगे असतात. त्यांपैकी बेंझिनसारखी, कार्बन अणूंच्या एकाच वलयाची हलकी संयुगे लवकर उडून जातात. दोन, तीन किंवा अधिक वलये जोडून बनलेली ‘पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन’ ही संयुगे मागे राहतात आणि हळूहळू पाण्यात मिसळत जातात. त्यामुळे ऊनवाऱ्याने जुने झालेले तेल निरुपद्रवी ठरते, हा समज भ्रूणांच्या बाबतीत खरा नाही. उरलेल्या तेलात तीन वलयांच्या संयुगांचे प्रमाण वाढलेले असते आणि वजनास वजन धरले तर ते ताज्या तेलापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

ही संयुगे सर्वांत आधी हृदय गाठतात. माशाच्या भ्रूणात हृदय हे अगदी सुरुवातीला काम करू लागणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. ते आधी सरळ नळीसारखे असते, धडधडू लागते आणि धडधडत असतानाच वळून त्याचे कप्पे तयार होतात. प्रत्येक ठोक्याला स्नायुपेशींत कॅल्शियम वाढते व पेशी आकुंचन पावते. मग पोटॅशियम बाहेर पडले की ती पुढच्या ठोक्यासाठी पूर्वस्थितीला येते. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलमंचावर स्फोट झाला आणि तेथील विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. ब्लूफिन ट्यूनाच्या विणीचा हंगाम नेमका त्याच काळात होता. त्या तेलाचे नमुने घेऊन ट्यूनाच्या हृदयपेशींवर केलेले प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेलामुळे पोटॅशियमच्या वाटा अडतात आणि पेशीतील कॅल्शियमची ये-जा बिघडते, असे त्यांत दिसून आले. मग ठोका लांबतो, मंदावतो, कधी अनियमित होतो.

वाढीच्या वयात हृदयाचे काम बिघडले की त्याची घडणही बिघडते. नळी नीट वळत नाही, हृदयाभोवतीच्या व बलकाच्या पिशवीत पाणी साचते, पाठीचा कणा वाकतो, जबडा खुरटतो. बलक संपल्यावर पिल्लाला स्वतः भक्ष्य पकडावे लागते. खुरटलेल्या जबड्याने ते जमत नाही आणि पिल्लू उपाशी मरते. यासाठी तेलाचा थर लागत नाही. ट्यूनासारख्या माशांच्या भ्रूणांत लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम संयुगे असली तरी हृदयदोष दिसतात, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग!

अंड्याअंड्यांत फरकही असतो. हॅडॉकच्या अंड्याचे कवच चिकट असल्याने तेलाचे सूक्ष्म थेंब त्याला डसून राहतात. त्याच्या नात्यातल्या कॉडच्या अंड्याला ते तितके चिकटत नाहीत. सूर्यप्रकाशानेही भर पडते. काही संयुगे पारदर्शक भ्रूणात शिरल्यावर अतिनील किरणांमुळे कित्येक पटींनी विषारी होतात. ७ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को उपसागरात ‘कॉस्को बुसान’ जहाजातून सुमारे २ लाख लिटर इंधन तेल सांडले. इतर अपघातांच्या मानाने हे थोडेच. तरीही त्या हिवाळ्यात उथळ, उन्हाच्या पाण्यातील हेरिंगचे भ्रूण मोठ्या संख्येने मेलेले आढळले.

प्रश्न : एक मादी लाखो अंडी घालते आणि त्यांतली बहुतेक एरवीही नष्ट होतात. मग तेलाने आणखी काही मेली तर एवढे काय बिघडले?

उत्तर : हा युक्तिवाद तेल उद्योगाच्या बाजूने अनेकदा केला जातो, आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. नैसर्गिक मृत्युदर इतका मोठा असतो की तेलाने गेलेली अंडी वेगळी मोजून दाखवणे कठीण जाते. अलास्कात २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाज खडकावर आदळून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले. काहीच आठवड्यांत हेरिंगची वीण झाली आणि १९९३ मध्ये तेथील हेरिंगची संख्या कोसळली. तिचे कारण तेल, रोगराई की अन्नटंचाई, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

परंतु या युक्तिवादात ‘वाचलेले पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू’ असे गृहीत धरलेले असते, आणि तेथे तो फसतो. पिंक साल्मनची अंडी अल्प प्रमाणात तेल असलेल्या पाण्यात वाढवून, वरून धडधाकट दिसणारी पिल्ले खूण करून समुद्रात सोडली, तेव्हा स्वच्छ पाण्यातल्या पिल्लांच्या तुलनेत त्यांतील कमी मासे मोठे होऊन अंडी घालण्यासाठी ओढ्यांत परत आले. साल्मन व हेरिंगवरील पुढच्या प्रयोगांत, भ्रूणावस्थेत किंचित तेल लागलेल्या माशांचे हृदय काही महिन्यांनंतरही बेढब असल्याचे आणि पोहण्याचा वेग घटल्याचे आढळले. असा मासा मरतो तो शत्रूपासून पळताना किंवा भक्ष्याचा पाठलाग करताना, तेलापासून मैलोगणती दूर; साहजिकच त्याची नोंद तेलगळतीच्या खात्यावर कधीच होत नाही.

प्रश्न : तवंग फोडणारी रसायने फवारल्याने अंडी वाचतात का?

उत्तर : किनारा आणि पक्षी वाचण्यास मदत होते, अंड्यांचे तसे नाही. ही रसायने तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्याच्या खोल थरांत पसरवतात, त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, पण विषारी संयुगे पाण्यात उतरण्यासाठी अधिक पृष्ठफळ मिळते. मेक्सिकोच्या आखातात अशी सुमारे ७० लाख लिटर रसायने वापरली गेली, त्यांपैकी काही तर सुमारे १,५०० मीटर खोलीवरील विहिरीच्या तोंडाशीच सोडली होती. किनाऱ्यावरची दलदल वाचवायची की खुल्या पाण्यातली वीण, याचा निर्णय तेथे घ्यावा लागतो, आणि विणीचा हंगाम चालू असेल तर माझ्या मते फवारणीचा हात आखडता घेणे बरे. शक्य असेल तेथे तेल तरत्या अडथळ्यांनी अडवून यंत्राने उपसून काढावे. अंड्यांच्या दृष्टीने खरा फायदा पाण्यात न उतरलेल्या तेलाचाच असतो.