मेडिकलमध्ये फार्मासिस्ट नेमकं काय करतो? गोळ्याच तर काढून देतो ना?

चिठ्ठी डॉक्टर लिहितात, गोळ्या कंपनी बनवते, मग मधल्या माणसाला डिप्लोमा-डिग्री कशाला हवी, असं तुम्ही विचारलं आहे. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. म्हणून आधी आईची हकीकत सांगतो.

आईला संधिवात आहे. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, कपबशी उचलता यायची नाही. मिरजेला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं आणि जोडीला फॉलिक ॲसिड. या दुखण्यात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आईला फॉलिक ॲसिड उरलेल्या दिवशी सांगितलं होतं. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. ज्या दुकानातून त्या घेतल्या तिथे संध्याकाळची झुंबड होती. काउंटरवरच्या पोराने स्ट्रिपांवर पेनाने खुणा केल्या आणि त्या नेमक्या उलट्या पडल्या. घरी मीच रोज रात्री खुणा बघून आईच्या हातावर गोळी ठेवत होतो.

सहाव्या-सातव्या दिवशी तिचं तोंड आलं. भाकरी सोडा, वरणभातसुद्धा जाईना. मी आमच्या गावातल्या मेडिकलमध्ये तोंडाला लावायचं जेल आणायला गेलो. तिथे ज्या फार्मासिस्ट ताई असतात त्यांनी जेल काढलं आणि विचारलं, "कुणाला पाहिजे? आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" मी नावं सांगितली. त्यांनी जेल काउंटरवर ठेवलं.

"मेथोट्रेक्सेट कुठल्या वारी घेतात काकू?"

"वार कसला? रोज रात्री एक."

त्यांचा चेहरा बदललेला मला अजून आठवतो. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती, त्यांना थांबवून त्या म्हणाल्या, "आज ती गोळी देऊ नका. आधी घरी जाऊन दोन्ही स्ट्रिपा घेऊन या." स्ट्रिपा बघितल्यावर मिरजेला फोनही त्यांनीच लावला, कारण मला डॉक्टरांना नीट सांगता येईना. त्याच रात्री आईला ॲडमिट केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या. मेथोट्रेक्सेटचा हा परिणाम उतरवणाऱ्या ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं द्यावी लागली, आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. हे औषध रोज पोटात जात राहिलं तर हाडांच्या मज्जेत रक्त तयार होणं मंदावतं आणि माणूस दगावू शकतो. तोंड येणं ही त्याची सुरुवातीची खूण असते. ताईंनी जेल देऊन बिल केलं असतं, तर मी खुशीत घरी गेलो असतो आणि रात्री आईला आणखी एक गोळी दिली असती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गोळ्या कपाटातून काढणं कुणालाही जमतं. कुठली गोळी कुणाला चालत नाही, कशाबरोबर घेतली की बिघडते, आणि समोरच्याला काय विचारलं म्हणजे हे कळेल, हे शिकावं लागतं. डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, बारावी सायन्सनंतर दोन वर्षं आणि वर ५०० तासांचं प्रशिक्षण असतं. बी.फार्म. ही डिग्री चार वर्षांची, फार्म.डी. ही त्याहून वरची, सहा वर्षांची.

या प्रसंगानंतर मी त्या दुकानात उगाच रेंगाळायला लागलो आणि ताईंचं काम बघायला लागलो. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. सिरिंजही वेगवेगळ्या, ४० वाल्याचं टोपण लाल आणि १०० वाल्याचं केशरी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर रेघ तीच धरूनही अडीचपट इन्सुलिन अंगात जातं. साखर एकदम उतरते, म्हातारं माणूस झोपेतच बेशुद्ध पडू शकतं. ताई बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. दम्याच्या काही कॅप्सूल यंत्रात घालून ओढायच्या असतात, पण त्या पाण्याबरोबर गिळणारी माणसं आहेत. मी स्वतः एका आजोबांना "दोन महिने गिळतोय, गुण नाही" म्हणताना ऐकलं. ताईंनी त्यांना बाकावर बसवलं, रिकामं यंत्र हातात दिलं आणि तीनदा श्वास ओढून घ्यायला लावला. औषध ओढून झालं की चूळ भरायची, हेही सांगितलं, नाहीतर त्यातल्या स्टिरॉइडमुळे तोंडात बुरशी येऊ शकते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, हे तर त्या दिवसातून किती वेळा सांगतात कोण जाणे.

यातलं बिलात काहीच येत नाही. बिल फक्त गोळ्यांचं होतं.

आता दुसरी बाजूही लिहायलाच हवी. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. तरीही सर्टिफिकेट भिंतीवर, ज्याचं आहे तो भलत्याच गावी आणि काउंटरला दहावी झालेला पोरगा, अशी दुकानं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा हा प्रकार मला फार लागतो. आईची स्ट्रिप ज्याने चुकवली त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ज्याने शिकायचं ते शिकून आपली जागा भाड्याने दिली, त्याचा राग येतो. या पेशाची किंमत कमी करण्यात अशा लोकांचा वाटा मोठा आहे, आणि रोज बारा तास उभं राहून नीट काम करणाऱ्याला त्याची भरपाई करावी लागते.

आपलाही वाटा आहे. "ताई, लवकर द्या, बस निघेल," हे आपणच म्हणतो. चिठ्ठी नसताना अँटिबायोटिक मागतो आणि नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातो. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही. त्यातल्या काही औषधांची, म्हणजे सरकारच्या एच-१ या औषधयादीतली बरीच अँटिबायोटिक्स, टीबीची आणि काही झोपेची औषधं, २०१४ पासून वेगळी नोंद ठेवावी लागते. त्यात डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव लिहितात आणि ती वही तीन वर्षं जपतात. नकार देणारा फार्मासिस्ट आपलं गिऱ्हाईक घालवून कायदा पाळत असतो. त्याच्यावर आवाज चढवू नका, एवढं मनापासून सांगतो.

सरकारी दवाखान्यातली गोळ्यांची खिडकीही विसरू नका. तिथले औषधनिर्माण अधिकारी एका सकाळी इतक्या केसपेपरांना औषध देतात की एकेकाशी बोलायला मिनिटभरही मिळत नाही. त्यांच्याकडून ताईंसारखी चौकशी होत नाही, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. एका खिडकीला एकच माणूस का, असा प्रश्न मात्र पडतो.

२५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन असतो. मी गेल्या वर्षी ताईंना पेढे नेले. त्यांनी एक घेतला, बाकीचे दुकानात वाटले आणि म्हणाल्या, "काकूंची जुनी फाइल एकदा आणा, सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून ठेवू." तो कागद आता आईच्या पिशवीत असतो. तुम्हालाही काही करावंसं वाटलं तर घरच्या माणसाच्या गोळ्यांचा असा कागद करून आपल्या फार्मासिस्टला वाचायला द्या. पेढ्यांपेक्षा त्याने ते जास्त खूश होतील.

आईला काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा मेथोट्रेक्सेट सुरू केलं. त्या स्ट्रिपवर ताईंनी जाड मार्करने लिहून दिलं, 'फक्त गुरुवार'. आमच्या गावचा बाजार गुरुवारी असतो, म्हणजे आई विसरणार नाही. मागच्या महिन्यात तिला लघवीला जळजळ व्हायला लागली, म्हणून जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं. आईच्या पिशवीतला कागद दाखवायचा मी विसरलो होतो. ताईंनी चिठ्ठी वाचली, मान वर करून विचारलं, "काकूंची गुरुवारची गोळी चालू आहे ना अजून?" आणि फोन उचलला. ही दोन औषधं एकत्र घेतली की मेथोट्रेक्सेटचा तोच जुना त्रास उसळू शकतो. डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध सांगितलं. आईचं तोंड या वेळी आलं नाही.